चित्रपटसृष्टीतील सर्जनशील कलावंत आणि कायदेविषयक सेवा : करारपूर्व सल्ल्याचे महत्त्व

प्रस्तावना :
गीतकार, संगीतकार व पटकथाकार हे चित्रपटनिर्मितीचे मूलाधार होत. तथापि त्यांच्या पदरात पडणारे उत्पन्न कलाकृतीच्या लोकप्रियतेइतकेच त्यांनी स्वाक्षरी केलेल्या करारावरही अवलंबून असते. वकिलाची आठवण मात्र बहुधा वाद उद्भवल्यावरच होते. करारापूर्वी घेतलेल्या कायदेशीर सल्ल्याचे महत्त्व विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 नुसार कलाकृती निर्माण होताच हक्क प्राप्त होतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा संगीत करवून घेतले आणि विरुद्ध करार नसेल, तर निर्माताच प्रथम स्वामी ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला. परिणामी एकरकमी मानधनानंतर अनेकांचा आपल्या गीताशी असलेला आर्थिक संबंध संपुष्टात आला.

2012 ची दुरुस्ती :
या दुरुस्तीने परिस्थितीत मूलगामी बदल केला. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य मार्गांनी होणाऱ्या वापरासाठी गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा अबाधित राहतो. तो सोडून देण्याचा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. तसेच कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, हस्तांतरित होत नाहीत.

वकिलाची भूमिका :
हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असणे आवश्यक आहे. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. म्हणूनच ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ अशा एका वाक्याने कायद्याने दिलेले हे संरक्षण गमावले जाते. असे वाक्य वेळीच दाखवून देणे, श्रेयनामावलीतील नावाची व हप्त्यांच्या तारखांची अट घालून घेणे, ही वकिलाची प्रमुख कामे होत. केवळ कल्पनेला संरक्षण नसते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे कथा तोंडी ऐकविण्यापूर्वी ती लिहून काढून तिच्या तारखेचा पुरावा जपण्याचा सल्लाही तितकाच मोलाचा ठरतो.

विनामूल्य विधी सेवा :
वकिलाचे शुल्क नवोदितांना परवडत नाही, ही खरी अडचण आहे. मात्र विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 मधील ‘विधी सेवा’ या संज्ञेत कायदेविषयक सल्ल्याचाही समावेश होतो. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती उत्पन्नाच्या अटीविना यासाठी पात्र आहेत. तालुक्याच्या गावाहून मुंबईत आलेल्या कवयित्रीलाही हा मार्ग खुला आहे. मात्र त्याची माहिती तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

निष्कर्ष :
कायद्याने कलावंताला हक्क दिले आहेत. ते टिकविण्याची योग्य वेळ स्वाक्षरीपूर्वीची असते. नाट्य, संगीत व माध्यमविषयक अभ्यासक्रमांत करारवाचनाचा समावेश झाल्यास आणि कलावंतांच्या संघटनांनी विधी सेवा प्राधिकरणांशी समन्वय साधल्यास हे संरक्षण प्रत्यक्षात उतरू शकेल.