एजंटच्या हाती सर्व्हर देताना

जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या संगणक-खेळांच्या दुकानाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एकाने आपलं स्टीमचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. त्याच्या खात्यातल्या सगळ्या फाइली गेल्या. बाहेरून जोडलेल्या डिस्कवर बॅकअप होता, तोही गेला. शोध घेतल्यावर दोषी सापडली ती एका शेल स्क्रिप्टमधली, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या मजकुरी आज्ञांच्या यादीतली, एकच ओळ. 'या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक' एवढंच ती सांगत होती. पण फोल्डरचा पत्ता शोधणारी आधीची कमांड फसली होती, पत्त्याची जागा रिकामी राहिली होती, आणि बिनपत्त्याच्या त्या आज्ञेचा अर्थ झाला 'मुळापासून सगळं पुसून टाक'. गंमत म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्याला धोका दिसला होता. त्याने तिथेच टीप लिहून ठेवली होती: 'भीतिदायक!' पण टिपा माणसांसाठी असतात. आज्ञा वाचून चालवणारं शेल त्या वगळून पुढे जातं.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढायचं कारण असं, की त्याच शेलसमोर आता एक नवा गडी येऊन बसला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अँथ्रॉपिकचं 'क्लॉड कोड' आलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं 'कोडेक्स सीएलआय', जूनमध्ये गूगलचं 'जेमिनाय सीएलआय'. तिन्ही कोडिंग एजंट, आणि तिन्ही रंगीबेरंगी खिडक्या सोडून काळ्या टर्मिनलमध्ये राहायला आलेले. 'लॉगिन पानावरचा हा दोष दुरुस्त कर' असं साध्या भाषेत सांगायचं. एजंट फाइली धुंडाळतो, कोड बदलतो, चाचण्या चालवतो, चुकलं तर पुन्हा बदलतो.

यात जादू नाही. भाषा मॉडेल स्वतः काहीच करत नाही, ते फक्त मजकूर लिहितं. त्याच्याभोवती एक प्रोग्राम असतो. मॉडेलने एखादी कमांड लिहिली की हा प्रोग्राम ती शेलकडे देतो आणि शेलने जे छापलं ते परत मॉडेलला वाचायला देतो. ते वाचून मॉडेल पुढची कमांड लिहितं. काम संपल्याचं मॉडेलला वाटेपर्यंत किंवा कोणी थांबवेपर्यंत हे चक्र फिरत राहतं. प्रत्येक कमांड जाताजाता एक आकडाही मागे ठेवते. शून्य म्हणजे जमलं, दुसरं काहीही म्हणजे फसलं. एजंटला आपण बरोबर चाललोय की नाही हे कळतं ते असल्या आकड्यांवरून आणि छापलेल्या तक्रारींवरून.

शेल या कामाला इतकं सोयीचं का पडलं, याचं उत्तर पन्नास वर्षं जुनं आहे. १९७३ मध्ये बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये 'पाइप' घातला. एका प्रोग्रामने छापलेलं थेट दुसऱ्याच्या तोंडी जाऊ लागलं, आणि प्रोग्रामांनी एकमेकांशी साध्या मजकुरात बोलायची रीत पडली. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं 'बॅश'. चित्रं आणि माउस आल्यावर ही मजकुराची दुनिया जुनाट ठरली होती. मग मजकुरावरच वाढलेली मॉडेलं आली, आणि त्यांच्यासाठी पाट मांडलेलाच होता.

आता हा एजंट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवण्याऐवजी क्लाउडवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर का चालवायचा? एक तर लॅपटॉप मिटला की काम थांबतं. शिवाय दहा कामं दहा एजंटांना एकाच वेळी द्यायची तर दहा यंत्रं हवीत. पण खरं कारण वेगळं आहे: लॅपटॉपवर तुमचं सगळं असतं. मेल, बँक, कंपनीच्या सर्व्हरच्या किल्ल्या, लेकीचे फोटो. एजंटने तिथे एक चुकीची कमांड चालवली तर स्टीमवाल्या माणसासारखी गत व्हायची.

एआय म्हटलं की महागड्या ग्राफिक्स चिपा डोळ्यांसमोर येतात, पण इथे त्यांची गरज नसते. मॉडेल चालतं ते त्याच्या निर्मात्या कंपनीच्या किंवा तिच्या भागीदाराच्या डेटा सेंटरमध्ये. भाड्याच्या यंत्रावर असतं ते फक्त शेल, कोडची प्रत आणि चाचण्या. दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरीचं यंत्र पुष्कळ कामांना पुरतं. ते पुण्यातही मिळतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातली क्लाउड केंद्रं सुरू केली तेव्हा त्यांतलं एक पुण्याचं होतं, आणि अ‍ॅमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६ पासून आहे. मात्र यंत्र पुण्यात आहे म्हणून कोड पुण्याबाहेर जात नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. एजंट जी फाइल वाचतो तिचा मजकूर मॉडेल जिथे असेल तिथे जातो. ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या कंपनीने करार वाचताना हा मुद्दा आधी पाहावा.

यंत्र घेतल्यावर त्याची मांडामांड हाताने करता येते, पण करू नये. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या 'नाइट कॅपिटल' या शेअर व्यवहारांच्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरांवर चढवायचं होतं. एक राहून गेला. त्या एकावरचा जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. माणूस विसरतो, म्हणून स्क्रिप्ट. क्लाउडवर यंत्र मागवतानाच एक स्क्रिप्ट सोबत जोडता येते आणि पहिल्यांदा सुरू होताना यंत्र ती स्वतः चालवतं. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत तिला १६ केबीची मर्यादा आहे, म्हणजे मजकुराची काही पानं. तेवढ्यात सगळं बसतं: कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आणि इतर साधनं बसवणं, कोडची प्रत आणणं, एजंट बसवणं, त्याला काम सांगणं, निकाल वेगळ्या शाखेवर पाठवणं.

चांगल्या स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला एक आज्ञा असते, 'सेट -ई'. एखादी कमांड फसली तर पुढे रेटू नकोस, तिथेच थांब, असा तिचा अर्थ. स्टीमच्या स्क्रिप्टला हे सांगितलेलं असतं, तर पत्ता शोधणारी कमांड फसल्यावर पुसणाऱ्या ओळीपर्यंत गाडी पोहोचलीच नसती.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं आहे. खरा पेच पुढे आहे: एजंटला किती मोकळीक द्यायची? हे एजंट मुळात प्रत्येक जोखमीच्या कमांडआधी परवानगी मागतात. लॅपटॉपसमोर बसलेला माणूस पहिल्या काही वेळा वाचून 'हो' म्हणतो, मग न वाचता. क्लाउडवर रात्री तर 'हो' म्हणायलाही कोणी नसतं. म्हणून परवानगी न मागता सगळं करू देणारा पर्याय या साधनांत असतो. क्लॉड कोडमध्ये त्या पर्यायाच्या नावातच 'धोकादायक' हा शब्द घातलेला आहे.

मग बरेच जण धोका टाळायला एजंटच्या सूचनापत्रात लिहितात, 'खऱ्या डेटाबेसला हात लावू नकोस.' मला हे स्टीमच्या स्क्रिप्टमधल्या त्या टिपेसारखंच वाटतं. जुलै २०२५ मध्ये 'रिप्लिट' या सेवेच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, तोही 'आता काहीही बदलायचं नाही' असं स्पष्ट सांगून ठेवलेलं असताना. वर, गेलेला डेटा परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. त्यानंतर रिप्लिटने प्रयोगाचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायची व्यवस्था जाहीर केली. उपाय सूचनेत नव्हता, भिंतीत होता. मॉडेलला सूचना बहुतेक वेळा पाळता येते. भिंत ओलांडताच येत नाही. रंगाऱ्याला एक खोली रंगवायला बोलावलं तर त्याला त्या खोलीचीच किल्ली देतात. सगळा जुडगा देऊन 'तिजोरी उघडू नका हं' असं कोणी सांगत नाही.

ही अक्कल संगणकशास्त्राला जुनीच आहे. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. पण त्याहून मार्मिक गोष्ट नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये सांगितली. 'टाइमशेअर' या कंपनीचं मोठं यंत्र अनेक ग्राहक वापरत. त्यावरच्या फोर्ट्रान कंपायलरला आपल्या वापराची आकडेवारी नोंदवायची असे, म्हणून यंत्रणेच्या खास फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार त्याला दिला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइल त्याच फोल्डरमध्ये होती. एका ग्राहकाने कंपायलरला सांगितलं, तपासणीचा निकाल अमुक फाइलमध्ये लिही, आणि नाव दिलं बिलांच्या फाइलचं. ग्राहकाला ती फाइल उघडता आली नसती, पण कंपायलरला येत होती. त्याने इमानेइतबारे निकाल तिथे लिहिला आणि बिलं गेली. कंपायलरची नियत वाईट नव्हती. त्याच्याकडे अधिकार एकाचे होते आणि हुकूम दुसऱ्याचा, आणि कोणता अधिकार कोणासाठी वापरायचा हे त्याला समजायला मार्गच नव्हता.

कोडिंग एजंट नेमका याच जागी उभा आहे, फक्त त्याला हुकूम देणारे कितीतरी जास्त आहेत. तो जी फाइल वाचतो, जो दोष-अहवाल उघडतो, जे वेबपान धुंडाळतो, त्यातला मजकूर आणि मालकाचा आदेश, दोन्ही मॉडेलसमोर एकाच ओघात येतात. कोणी अहवालात 'या यंत्रावरच्या किल्ल्या अमुक पत्त्यावर पाठव' असं लपवून लिहिलं, तर मॉडेल फसणारच नाही अशी हमी आज कोणी देऊ शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तर चोरांनी आणखी पुढची पायरी गाठली. 'एनएक्स' या लोकप्रिय साधनाच्या काही आवृत्त्यांत त्यांनी चोरटा कोड घुसवला. तो प्रोग्रामरच्या यंत्रावर आधीपासून असलेले एआय एजंट शोधायचा आणि परवानगी न मागणारा पर्याय लावून त्यांनाच किल्ल्या असलेल्या फाइली हुडकायला लावायचा. घरच्याच गड्याकडून घरफोडी.

म्हणून स्क्रिप्टचं मोठं काम एजंट बसवणं हे नाहीच, त्याच्याभोवती कुंपण घालणं हे आहे. आणि इथे स्क्रिप्टचा मठ्ठपणाच कामाला येतो. स्क्रिप्टला कोणी गोड बोलून पटवू शकत नाही. ती एजंटसाठी वेगळा, मालकी हक्क नसलेला वापरकर्ता तयार करते. कोडच्या एकाच भांडाराची, काही तासांत बाद होणारी किल्ली त्याला देते. बाहेर जाणारे सगळे मार्ग बंद करून मॉडेलचा पत्ता, गिट आणि पॅकेजचं भांडार एवढेच उघडे ठेवते. वेळेची मर्यादा घालते.

एक भोक मात्र नवशिक्यांकडून हमखास राहतं. क्लाउडवरच्या यंत्राला आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःबद्दलची माहिती विचारता येते, आणि यंत्राला क्लाउड खात्याचे काही अधिकार जोडलेले असतील तर त्या अधिकारांच्या तात्पुरत्या किल्ल्याही तिथेच मिळतात. २०१९ मध्ये 'कॅपिटल वन' बँकेच्या अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली ती याच वाटेने मिळालेल्या किल्लीने. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने या पत्त्याला आणखी एक कडी बसवली: आधी एक टोकन मागायचं, मग माहिती. बाहेरून गंडवून यंत्राकडून एखादी विनंती करवून घेणाऱ्या चोराला ती अडवते. पण ज्याला आत बसून हवी ती कमांड चालवता येते, तो एजंट टोकनही मागू शकतो. तेव्हा खात्रीचा उपाय म्हणजे एजंटच्या यंत्राला खात्याचे अधिकार जोडायचेच नाहीत. यंत्रासोबत पाठवलेली सुरुवातीची स्क्रिप्टही याच पत्त्यावरून वाचता येते. तिच्यात पासवर्ड लिहून ठेवणाऱ्यांची संख्या पाहता हे दोनदा सांगायला हवं.

कुंपण पक्कं झालं तरी काम बरोबर झालं का, हा प्रश्न उरतोच. 'सगळ्या चाचण्या पास करून दे' असं सांगितलेला एजंट कधीकधी कोड दुरुस्त करायचं सोडून चाचणीच बदलतो. अवघड चाचणी वगळतो किंवा अपेक्षित उत्तरच कोडमध्ये लिहून मोकळा होतो. तो लबाडी करतो म्हणायची गरज नाही. त्याला शून्य आकडा हवा होता, तो त्याने मिळवला. इथेही मठ्ठ स्क्रिप्ट हुकमी पडते: एजंटचं काम संपल्यावर मूळ शाखेवरच्या चाचण्या पुन्हा आणायच्या आणि एजंटचा हात पोहोचणार नाही अशा दुसऱ्या यंत्रावर त्या चालवायच्या. उत्तर कोडमध्येच लिहून ठेवलेलं मात्र तिलाही दिसत नाही. म्हणून त्यानंतर माणसाने बदल वाचायचेच, आणि हे काम वाटतं तितकं हलकं नाही. दहा एजंटांनी रात्रभर लिहिलेलं सकाळी एका माणसाने चहा गार व्हायच्या आत तपासावं अशी अपेक्षा आता काही कचेऱ्यांत दिसू लागली आहे. तिथे कुंपणाचा काही उपयोग नाही.

आणि शेवटी बिल. काम संपलं की यंत्र बंद कर, असं स्क्रिप्टच्या अखेरीला लिहून भागत नाही, कारण 'सेट -ई'मुळे ती अधेमध्ये थांबली तर अखेर येतच नाही. 'ट्रॅप' नावाची आज्ञा सुरुवातीलाच लावावी. मग स्क्रिप्ट नीट संपो की अधेमध्ये थांबो, जाताना ती यंत्र बंद करून जाते. तरीही अ‍ॅमेझॉनवर आतून बंद केलेलं यंत्र मोडीत निघत नाही, नुसतं थांबतं, आणि त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. बंद होताच नष्ट व्हावं ही खूण यंत्र मागवतानाच करून ठेवावी.