उलाळ, दाब आणि कॅम्परचा हिच

ओढून न्यायच्या वाहनाचा तोल मुख्यतः जोडावर ठरतो. जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावात बैलगाडीत भाताचे भारे रचणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागच्या अंगाला चार भारे जास्त पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि सापत्या बैलांच्या गळ्यात रुततात. पुढे जास्त पडले तर सगळा दाब मानेवर येऊन खांदे सुजतात. म्हणून ओझे आसाच्या किंचित पुढे झुकते ठेवतात. तरीही उलाळ वाटली तर गाडीवान स्वतःच पुढे सरकून बसतो.

अमेरिकेत गाडीमागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचे फिरते घर, जोडून सहलीला निघणाऱ्या कुटुंबापुढे हाच प्रश्न असतो, फक्त वेग कितीतरी जास्त. तिथे कॅम्परच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार जोडावर असावा असा दंडक आहे. तो कमी पडला की कॅम्पर शेपटीसारखा डोलू लागतो. पुरेसा ठेवला तर दुसरी अडचण उभी राहते. 2,500 किलोच्या कॅम्परचा 300 किलो भार जोडावर आला, जोड मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे असला आणि गाडीच्या दोन आसांत 3 मीटर अंतर असले, तर पुढच्या चाकांवरचा भार 120 किलोने घटतो आणि मागच्यांवर 420 किलोने वाढतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड सुटते. घाट चढताना दोन चाकांच्या भरलेल्या ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, तेही याच कारणाने.

भार वाटून देणारा हिच, म्हणजे गाडी आणि कॅम्पर यांना जोडणारा सांधा, इथे कामी येतो. त्याच्या दोन पोलादी दांड्या साखळीने किंवा आधाराने ताणल्या की त्या तरफेसारखे काम करतात. मागच्या आसावरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही कॅम्परच्या चाकांवर जातो. दांड्यांची क्षमता जोडावरच्या प्रत्यक्ष भाराशी जुळणारी हवी. फार ताठ दांड्या सांगाड्याला हादरे देतात, फार लवचिक दांड्यांनी पुढचा भार परत येत नाही. जोडावरचा भार अंदाजाने ठरवू नये. पाण्याची टाकी आणि सामान भरून काट्यावर मोजावा. या हिचने गाडीची ओढण्याची मर्यादा मात्र तसूभरही वाढत नाही. काही गाड्यांचे उत्पादक तो वापरायला मनाईही करतात, त्यामुळे माहितीपुस्तिका आधी पाहावी.

डोलणे रोखायची सोय वेगळी. सर्वांत स्वस्त प्रकारात घर्षणाची एक सुटी पट्टी बाजूला लावतात. गाडी मागे घेताना ती काढावी लागते आणि निसरड्या रस्त्यावर ढिली करावी लागते. मागे घेताना काढायला विसरले की पट्टी वाकते. मोठ्या कॅम्परसाठी दांड्यांतच घर्षण किंवा कॅम बसवलेला हिच अधिक भरवशाचा. वळणबिंदूच मागच्या आसाकडे सरकवणारे हिच सर्वांत प्रभावी, पण जड आणि महाग.

यातले कोणतेही यंत्र चुकीच्या भरणीवर उतारा नाही. शेजारून मोठा ट्रक गेल्यावर कॅम्पर डोलायला लागलाच, तर स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि फक्त कॅम्परचे ब्रेक हाताने हळूहळू लावावेत. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर डोलणे वाढते. मग थांबून सामान पुन्हा रचावे: जड वस्तू खाली, आसाच्या जवळ, थोड्या पुढे.