डिझेलला लांबचा रस्ता का लागतो?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, कारण दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनाची करामत हीच. हवा साधारण 16 पट दाबायची नि त्या धगीत डिझेल फवारायचं, ठिणगी नकोच. पेट्रोलमध्ये दाब 10-11 पट, म्हणून ॲव्हरेजही कमी.

मग गाडी डिझेलचीच घ्यावी? रोज पुणे-सातारा असेल तर खुशाल. शाळा, मंडई, घर एवढंच असेल तर थांबा. 2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांपासून डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. चुलीच्या धुराड्यासारखी तीही भरते. काजळी जाळायला सुमारे 600 अंश धग हवी; ती हायवेच्या सलग धावेत साधते, सिग्नलवर नाही. शेजारचे काका म्हणूनच दर रविवारी गाडीला फिरवून आणतात, कुत्र्यासारखं.