रिसीव्हर मुका का होतो?

जुना स्टिरिओ रिसीव्हर सुरू केला की प्रथम त्याची काचेची पट्टी उजळते, काही सेकंद शांतता असते आणि मग आतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. त्यानंतरच गाणे ऐकू येऊ लागते. वर्षानुवर्षे संच वापरणाऱ्याला या आवाजाची इतकी सवय झालेली असते, की तो आला नाही तरच त्याची आठवण होते. पट्टी उजळलेली आहे, सूचिकाटाही हालतो आहे, पण ‘टक्’ नाही आणि लाऊडस्पीकर मुका! संच बिघडला, असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा संचातील एक पहारेकरी आपले काम चोख बजावीत असल्यामुळेच ही शांतता पसरलेली असते.

या पहारेकऱ्याची गरज का पडली, हे आधी पाहिले पाहिजे. व्हॉल्व्हच्या काळात विवर्धक आणि लाऊडस्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असे. प्रारंभीच्या ट्रँझिस्टर-विवर्धकांत त्या जागी एक मोठा कपॅसिटर आला. दोहोंचा एक गुण समान होता : ध्वनीचा उलटसुलट प्रवाह ते पुढे पोचवीत, पण एकाच दिशेने वाहणारा प्रवाह अडवीत. हा कपॅसिटर अगदी खालच्या स्वरांना मात्र बाधक ठरतो. म्हणून १९७० नंतरच्या दशकात जपानी व अमेरिकन कंपन्यांच्या संचांतून तो बहुधा वगळण्यात आला. विवर्धकाला एक धन आणि एक ऋण असे दोन वीजपुरवठे देऊन त्याचे निर्गमन-टोक बरोबर शून्य व्होल्टवर तोलून धरण्याची रचना रूढ झाली. स्वर सुधारले, पण मधली भिंत गेली.

भिंत जाण्याचा अर्थ आकड्यांत पाहू. १९७८ साली आलेला पायोनियर एसएक्स-७८० हा संच ८ ओहमच्या लाऊडस्पीकरला दर बाजूस ४५ वॉट शक्ती देई. तेवढ्या शक्तीसाठी निर्गमनाचे व्होल्टेज क्षणोक्षणी सुमारे २७ व्होल्टपर्यंत चढावे लागते. अर्थात पुरवठा त्याहून अधिक हवा. तो ३० व्होल्टच धरू. आता निर्गमनाचा एक ट्रँझिस्टर जळून आतल्या आत जोडला गेला, तर हे ३० व्होल्ट सरळ लाऊडस्पीकरच्या वेटोळ्यावर येतील. ८ ओहम म्हणविणाऱ्या वेटोळ्याचा तारेचा रोध साधारण ६ ओहमच असतो. म्हणजे ५ अँपिअर प्रवाह आणि १५० वॉट उष्णता, तीही अखंड! केसासारख्या तारेचे ते वेटोळे काही क्षणांत करपते.

हे टाळण्यासाठी विवर्धक व लाऊडस्पीकर यांच्यामध्ये रिले बसविलेला असतो. रिले म्हणजे विद्युत्‌चुंबकाने मिटणारे बटण. ‘टक्’ हा त्याच्याच स्पर्शकांचा आवाज. त्याला हुकूम देणारे मंडल दोन्ही बाजूंचे निर्गमन रोधकांतून एका कपॅसिटरवर घेते. संगीताचा दाब धन-ऋण असा सतत उलटत असल्याने त्याची सरासरी शून्य होते. एकाच दिशेचा दाब मात्र साठत जातो आणि एक-दोन व्होल्टचा असला तरी रिले उघडतो. सुरुवातीचा विलंबही हेच मंडल घडविते, म्हणजे विवर्धक स्थिरावेपर्यंतचा धक्का लाऊडस्पीकरला बसत नाही. पुढे एनईसी कंपनीच्या यूपीसी-१२३७ या आठ पायांच्या एका चकतीतच हे सारे काम सामावले.

तेव्हा मुक्या संचापुढे बसल्यावर पहिला प्रश्न हा, की पहारेकरी खरे बोलतो आहे की खोटे? प्रथम लाऊडस्पीकरच्या तारा सोडवून संच पुन्हा सुरू करावा. आता ‘टक्’ झाले तर दोष बाहेर आहे; बहुधा तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकलेला सापडतो. तरीही रिले मिटला नाही, तर त्याच्या विवर्धकाकडील पायांवर, दोन्ही बाजूंचा एकदिश दाब मल्टिमीटरने मोजावा. निरोगी बाजूवर तो सामान्यतः ५० मिलिव्होल्टच्या आत असतो. काटा पुरवठ्याच्या जवळपास गेला तर पहारेकरी खरा आहे आणि त्या बाजूचा निर्गमन-ट्रँझिस्टर बहुधा गेलेला आहे. तो एकटा क्वचितच जातो. त्याला चालना देणारे लहान ट्रँझिस्टर आणि एक ओहमहूनही कमी रोधाचे रोधक तपासल्याविना नवा ट्रँझिस्टर बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो.

दोन्हीकडे शून्याच्या जवळ दाब आहे आणि तरी रिले स्तब्ध आहे, अशा वेळी पहारेकऱ्यावरच संशय घ्यावा. रिलेच्या वेटोळ्याला व्होल्टेज पोचते का, ते पाहावे. चाळीस-पन्नास वर्षांत सर्वांत आधी थकतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. विलंबाचा कपॅसिटर एका मोठ्या रोधकातून सावकाश भरत जातो. तोच झिरपू लागला तर फुटक्या रांजणासारखा कधीच भरत नाही आणि रिलेला मिटण्याची आज्ञा होत नाही. अत्यल्प किमतीचा हा एक भाग बदलला की जडच्या जड संच बोलू लागतो.

रिले तारेने जोडून टाकण्याचा उपाय काही कारागीर सुचवितात. पहारेकऱ्याचे तोंड बांधून चोरी थांबत नाही; तो खरे बोलत असेल, तर जोडणी होताच लाऊडस्पीकर जळेल.

उघड्या संचात हात घालण्यापूर्वी वीज तोडावी, मोठ्या कपॅसिटरांतील विद्युत्‌भार रोधकातून उतरवावा आणि तो उतरला याची मापकाने खात्री करावी. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाशिवाय करूच नये. मागची पट्टीही वाचावी; अमेरिकेत विकलेला १२० व्होल्टचा संच भारतातील २३० व्होल्टवर सरळ लावता येत नाही. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा तंतूचा दिवा एकसरीत जोडावा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत अजून दोष आहे. दिव्यामुळे दाब उतरतो आणि चांगला रिलेही कधी मिटत नाही, हे मात्र ध्यानी ठेवावे, नाहीतर नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘टक्’ होते, पण एक बाजू क्षीण वाजते आणि आवाज मोठा करताच एकदम जागी होते. येथे मंडल निर्दोष असते; स्पर्शकांवर गंज चढलेला असतो. स्वच्छक द्रवात भिजविलेली कागदाची पट्टी त्यांच्यामधून हलकेच ओढावी. सँडपेपर वापरू नये, त्याने वरचा मुलामा खरवडला जातो. मुलामा आधीच गेला असेल तर त्याच व्होल्टेजचा नवा रिले बसवावा आणि पहिल्या चाचणीला जुनाच, स्वस्तातला लाऊडस्पीकर जोडावा.