हिरवा की तपकिरी?

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागेच्या खरड छाटणीला एप्रिलमध्ये गर्दी उडते. तेव्हा एका काडीवर वाळलेल्या फेसासारखा एक गोळा मला दिसला. ती खंडोबाच्या किड्याची, म्हणजेच प्रार्थनाकीटकाची, अंडी होती. काड्यांच्या ढिगाबरोबर ती जळून गेली असती. मी बरणीत ठेवली. काही दिवसांनी मुंग्यांएवढी पिल्ले बाहेर पडली.

त्यांतली दोन पाळली. एकाची बरणी माठाशेजारी, ओल्या कापसासह. दुसऱ्याची पत्र्याखालच्या फळीवर. खाणे दोघांना एकच, सडक्या द्राक्षांवरची चिलटे. मेअखेर माठाजवळचे हिरवेगार आणि फळीवरचे वाळक्या काडीसारखे तपकिरी! आजी म्हणाली, "त्याला उपाशी ठेवलंस रे." मी घाबरून हिरवे तुडतुडे पकडून घातले. रंग तसूभरही बदलला नाही.

कारण हिरवा रंग भक्ष्याच्या अंगावरून उतरत नाही. बिलिव्हर्डिन हे निळसर द्रव्य आणि कॅरोटिनॉइड ही पिवळी द्रव्ये मिळून तो दिसतो. तपकिरीमागे ओमोक्रोम नावाची द्रव्ये असतात. पिवळे द्रव्य वनस्पतींतून भक्ष्यामार्फत येते, तेव्हा अन्नाचा संबंध मुळीच नाही असे नव्हे. पण पारडे बहुधा हवेतला दमटपणा आणि उजेड यांच्याकडे झुकते. बदल बहुतेक कात टाकताना दिसतो. आफ्रिका व ऑस्ट्रेलियात वणव्यानंतर काही जाती काळ्या पडतात. अर्थात जातीच्या रक्तात जे रंग नाहीत, ते कोणत्याही हवेत उमटत नाहीत. आणि माझ्या दोन बरण्या म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, हेही कबूल करतो.

आता चूक सांगतो. हिरव्याला मोकळे करावे म्हणून मी त्याला बांधावरच्या वाळल्या काड्यांच्या ढिगावर सोडले. तारेवरून कोतवाल उतरला आणि माझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेला.

पुढे ग्रंथालयात वाचले, की हीच गोष्ट दि चेस्नोला यांनी इटलीत मुद्दाम करून पाहिली होती व १९०४ साली प्रसिद्ध केली होती. त्यांनी रेशमी धाग्याने किडे गवताला बांधले. हिरव्या गवतावरचे २० हिरवे आणि वाळल्यावरचे २० तपकिरी सतरा दिवसांनंतरही जिवंत होते. वाळल्या गवतावरचे २५ हिरवे मात्र अकरा दिवसांत संपले. हिरव्यावरच्या ४५ तपकिऱ्यांपैकी १० उरले. वाचताना मला तो कोतवाल आठवत होता.

उरलेला तपकिरी मृगाचा पाऊस पडल्यावर, दुसऱ्या कातीला, पोटाकडून हिरवट झाला आणि पंख फुटले तेव्हा पूर्ण हिरवा. धाकट्या भावाला वाटले मी किडाच बदलला! एकदा पंख आले की पुन्हा कात नाही. त्यामुळे आता त्याचा रंग पाहूनच जागा निवडणे भाग होते. बागेत पाने दाट होती, पण फवारणीच्या औषधाला तुडतुडा कोण आणि तुडतुडा खाणारा कोण हे कळत नाही. वडिलांना विचारले. ते म्हणाले, "विहिरीकडच्या करंजावर सोड. तिकडे ब्लोअर जात नाही."

सोडला. दोन पावले मागे सरून पाहिले, तर पानांत तो मलाच सापडेना.