हातभर बर्फ, खाली तलाव

बर्फावर मोटारसायकल म्हटली की आपल्याला आधी घसरणं आठवतं. पहिल्या पावसात, डिझेल सांडलेल्या वळणावर ज्याची गाडी आडवी झाली आहे, त्याला तर बर्फाची कल्पनाही नको वाटेल. प्रत्यक्षात मात्र बर्फावरच्या शर्यतीत स्वार वळणावर गाडी इतकी कलवतो की हँडलचं डावं टोक बर्फाला लागेल की काय असं वाटतं. डांबरावर असं धाडस भलेभले करणार नाहीत. घसरण्यावर उपाय कधीच सापडला आहे. अवघड प्रश्न बर्फाच्या खाली आहे.

उपाय म्हणजे खिळे. आइस स्पीडवे या खेळातल्या गाडीच्या टायरांत जवळपास तीन सेंटिमीटर लांबीचे पोलादी खिळे बसवलेले असतात, मागच्या चाकात तर शेकड्याने. एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे. इंजिन 500 सीसीचं, एकाच सिलिंडरचं, मिथेनॉलवर चालणारं. सरळ पट्ट्यावर वेग ताशी शंभराच्या बराच पुढे जातो. गाडीला ब्रेक नसतो. मातीवरच्या स्पीडवेत मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकत वळण घेतात. इथे खिळे तसं फेकूच देत नाहीत, म्हणून सगळं वळण कलूनच काढावं लागतं. डावा गुडघा बर्फावर घासतो, त्यावर जुन्या टायरचा तुकडा बांधण्याची रीत आहे. चाकांभोवती जवळजवळ बर्फापर्यंत येणारी संरक्षक झाकणं असतात. ती कशासाठी, हे पडलेल्या स्वाराच्या मागून दुसरी गाडी येताना पाहिलं की कळतं.

या खेळात एक नाव आपल्या ओळखीचं भेटतं: जावा. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव्ह गावात यारोस्लाव्ह सिमांडल याने ‘एसो’ नावाने शर्यतीच्या गाड्या बनवायला सुरुवात केली, 1964 मध्ये तो कारखाना जावात विलीन झाला आणि पुढे बर्फावर जावाच्या इंजिनांचाच दबदबा राहिला. त्याच दशकात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर धावत होत्या. त्यांचाच पुढचा अवतार यझ्दी. आपल्या 250 सीसी टू-स्ट्रोक जावाचं आणि त्या मिथेनॉल पिणाऱ्या राक्षसाचं तांत्रिक नातं फारसं नाही. पण घराणं एकच.

जागतिक अजिंक्यपद 1966 पासून होतं. पहिलं जिंकलं सोव्हिएत संघातल्या उफा शहराच्या गब्द्राखमान कादिरोव्हने. त्याने एकूण सहा पटकावली. निकोलाय क्रास्निकोव्हने 2005 ते 2012 अशी सलग आठ जिंकली. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर रशियन स्वार आंतरराष्ट्रीय मैदानाबाहेर गेले आणि खेळाचा निम्मा जीव गेला, असं माझं मत. जर्मनीतलं इन्झेल, नेदरलँड्समधलं हेरेनवेन इथल्या शर्यती स्केटिंगच्या मैदानावर होतात, म्हणजे नळ्या घालून गोठवलेल्या बर्फावर. खाली भक्कम काँक्रीट.

खरा तलाव हवा असेल तर अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनकडे किंवा कॅनडातल्या ओंटारिओकडे जावं. तिथे हा हौशी माणसांचा खेळ आहे. उन्हाळ्यात मातीवर पळवायची गाडी हिवाळ्यात तलावावर येते. खिळ्यांऐवजी षट्‌कोनी डोक्याचे स्क्रू टायरच्या रबरी ठोकळ्यांमध्ये पिळून बसवतात. त्यांच्या डोक्याला खाच असते आणि खाचेच्या धारदार कडा बर्फ कापतात. एकेका टायरला असे शेकडो स्क्रू, तेही ठरावीक तिरपेपणाने. दोन्ही चाकांचं काम म्हणजे घरातल्या गॅरेजमधल्या अनेक संध्याकाळी. स्क्रूची टोकं ट्यूब फाडू नयेत म्हणून आत जुन्या टायरचं अस्तर घालतात. मनगटाला दोरी बांधलेली असते. स्वार पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद. मोकाट सुटलेलं स्क्रूचं चाक ही तिथली सर्वांत मोठी भीती. थंड हवा दाट असते, म्हणून कार्बोरेटरला जास्त पेट्रोल देणारा जेट लावावा लागतो. रेडिएटरवर पट्टी चिकटवतात, नाहीतर इंजिन तापतच नाही.

गंमत म्हणजे थंडी जितकी कडाक्याची तितकी पकड चांगली. शाळेत आपल्याला शिकवलं की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरायला होतं. तेवढ्याने भागत नाही. उणे वीस अंशांना दाबाने वितळवायचं तर माणसाचं वजन पुरत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो, असं मायकेल फॅरेडेने 1850 मध्येच सुचवलं होतं. घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. शून्याजवळ हा थर जाड असतो, कडक थंडीत क्षीण. म्हणून जानेवारीतला कोरडा बर्फ स्वारांना आवडतो आणि ढगाळ, उबदार दुपार आवडत नाही.

आता बर्फाच्या खाली. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे त्याहून गार पाणी वर राहतं आणि तलाव वरून गोठतो. मिनेसोटाच्या निसर्गसंपत्ती विभागाचा ठोकताळा असा: नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी चालणाऱ्या माणसासाठी 4 इंच, लहान मोटारीसाठी 9 ते 10 इंच. बर्फ पांढरा असेल, म्हणजे त्यात भिजून गोठलेलं हिम असेल, तर जाडी दुप्पट धरा. एकट्या मोटारसायकलला हातभर बर्फ भरपूर झाला. धोका असतो तो गाड्या आणणाऱ्या पिकअप ट्रकांचा, जे गप्पांच्या ओढीने एकमेकांना चिकटून उभे राहतात. शर्यतीचा मार्ग साफ करताना कडेला रचलेल्या हिमाचंही ओझं असतं. शिवाय हिमाच्या गोधडीखाली तलाव उबदार राहून बर्फ कमी वाढतो. म्हणजे एकाच तलावावर मार्गाखाली जाड बर्फ आणि शेजारी पातळ.

याहून विलक्षण गोष्ट वेगाची आहे. तरंगत्या बर्फावरून वाहन जातं तेव्हा बर्फ वाकतो आणि त्याच्याखाली पाण्यात एक लाट पळू लागते. वाहनाचा वेग आणि लाटेचा वेग जुळले की ती फुगत जाते आणि एरवी पुरेसा जाड बर्फही फुटतो. हे ज्ञान फार महागात मिळालं. 1941 च्या हिवाळ्यात वेढा पडलेल्या लेनिनग्राडला धान्य पोहोचवणारा एकमेव रस्ता गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून जात होता. बर्फ जाड असूनही ट्रक बुडत होते. लेनिनग्राडच्या भौतिकशास्त्रज्ञांनी बर्फाची लवचीक हालचाल नोंदवणारी उपकरणं बसवली आणि त्यावरून ताफ्यांचे वेग ठरवले गेले. एस्टोनियात आजही बेटांकडे जाणारे गोठलेल्या समुद्रावरचे रस्ते उघडले की नियम असतो: ताशी 25 किलोमीटरच्या आत चालवा, नाहीतर 40 ते 70 च्या दरम्यान, मधला वेग वर्ज्य. आणि सीटबेल्ट लावायचा नाही, गाडी बुडाली तर बाहेर पडता यावं म्हणून. सुरक्षेचा इतका उलटा नियम मला दुसरा ठाऊक नाही.

बुडालंच, तर? मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी गार पाण्यात स्वतःला कितीतरी वेळा बुडवून घेऊन एक सोपं सूत्र दिलं: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय नीट हलतील अशी 10 मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण 1 तास. थोडक्यात, पहिल्या मिनिटात घाबरून पाणी प्यायलं नाही तर वेळ मिळतो. म्हणून अनुभवी लोक गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे अडकवतात. ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत, आलो त्याच दिशेने परत जायचं.

भारतात हे कुठे करता येईल, असा प्रश्न लडाखला बुलेटवर जाऊन आलेल्या मंडळींना पडेलच. पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटर उंचीवर आहे, खारं असूनही गोठतं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्यावर 21 किलोमीटरची धावण्याची शर्यतही झाली. धावणाऱ्या माणसाचं आणि सामानासकट बुलेटचं वजन यांत मात्र फरक आहे. खाऱ्या पाण्याचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमकुवत असतो, म्हणून मिनेसोटाचे इंच तिथे चालत नाहीत. त्या उंचीवर विरळ हवेमुळे इंजिनाची ताकदही बरीच घटते. माझा सल्ला मागाल तर काठावर चहा प्यावा.

मार्च आला की उत्तरेकडच्या तलावांवरचा हंगाम संपतो, तेव्हा बर्फ अनेकदा दोन फूट जाडच असतो. पण उन्हाने त्याचे उभे, मेणबत्त्यांसारखे स्फटिक सुटे होऊ लागतात आणि जाडीचा आकडा खोटं बोलू लागतो. दरवर्षी कोणीतरी ‘अजून एकच रविवार’ म्हणत ट्रक आत नेतो. मग पाणबुडे आणि ओढयंत्रं बोलवावी लागतात, कारण मिनेसोटाच्या कायद्यानुसार तलावात बुडालेलं वाहन मालकाने 30 दिवसांत स्वखर्चाने बाहेर काढायचं असतं.