उमरग्यावरून गेलेली विमाने: पोलीस ॲक्शनबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

१३ सप्टेंबर १९४८, सोमवार. पहाटे सोलापूरकडून हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरलेली भारतीय फौज दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात पोहोचली. हद्दीपासून ६१ किलोमीटर आत. गावात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, प्रतिकार केला आणि तो लवकरच मोडून काढला गेला. फौजेने रात्रीचा मुक्काम उमरग्यातच केला.

इतके सगळ्यांना साधारण ठाऊक असते. घोटाळा सुरू होतो तो विमानांपाशी. उमरगा, लोहारा, नळदुर्ग या पट्ट्यात पोलीस ॲक्शनची गोष्ट निघाली, की विमानाचा उल्लेख हटकून येतो. ते कोणाचे होते, काय घेऊन आले होते, कोणावर गेले, याची उत्तरे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. कोणी म्हणतो निजामाचे, कोणी म्हणतो पाकिस्तानचे, तर कोणी सगळेच बार रझाकारांच्या खाती टाकून मोकळा होतो. कागदोपत्री सापडते ती हकीकत या सगळ्यांहून अधिक रंजक आहे.

‘पोलीस ॲक्शन म्हणजे पोलिसांची कारवाई’

नावाखेरीज यात पोलिसी काही नव्हते. लष्करी मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. आराखडा लेफ्टनंट जनरल गॉडार्ड यांनी आखला, दक्षिण कमांडचे प्रमुख तेव्हा लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी होते, आणि सोलापूरकडच्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरींकडे होते. सोबत रणगाडे, तोफखाना आणि हवाई दल. हा देशांतर्गत बंदोबस्ताचा प्रश्न आहे, दोन देशांतले युद्ध नव्हे, हे जगाला सांगण्यासाठी ‘पोलीस’ हा शब्द सोयीचा होता. आणि जग पाहतही होते. हैदराबादने २१ ऑगस्टलाच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. १६ सप्टेंबरला ती परिषदेपुढे आली, तोवर फौज जहीराबादच्या आसपास होती.

‘निजामाकडे स्वतःचे हवाई दल होते’

नव्हते. लढाऊ विमान एकही नव्हते. पण हा समज हवेतून आलेला नाही, त्याला दोन भक्कम कारणे आहेत.

पहिले कारण निजामाच्या पैशाचे. पहिल्या महायुद्धात त्याने ब्रिटिशांना विमानांच्या एका आख्ख्या तुकडीचा खर्च दिला, म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनलाही तेच नाव मिळाले. ही तुकडी १९४० साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर विमानांनी जर्मनांशी लढत होती आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती. म्हणजे ‘हैदराबाद’ नावाची लढाऊ विमाने खरोखर होती. फक्त ती निजामाची नव्हती, इंग्रजांची होती.

दुसरे कारण डेक्कन एअरवेज. बेगमपेटहून डाकोटा विमाने उडवणारी ही कंपनी होती प्रवासी वाहतुकीची आणि तिच्यात संस्थानचा वाटा मोठा होता. पुढे १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. आकाशात ‘निजामाचे विमान’ दिसे ते बहुधा हेच.

गंमत म्हणजे हा समज खेड्यापुरता राहिला नाही. निजामाकडे बॉम्बफेकी विमाने आहेत आणि ती मुंबईवर येतील, ही धास्ती दिल्लीत अगदी वरच्या वर्तुळातही बोलून दाखवली गेली होती. भारताचे लष्करप्रमुख रॉय बुचर आणि हवाई दलाचे प्रमुख थॉमस एल्महर्स्ट दोघेही तेव्हा ब्रिटिशच होते. सरदार पटेलांनी या धास्तीला भीक घातली नाही.

‘पाकिस्तानच्या हवाई दलाने शस्त्रे टाकली’

शस्त्रे विमानाने आली, ती कराचीहून आली, आणि पाकिस्तानच्या संमतीशिवाय हे शक्य नव्हते. एवढा भाग खरा. पण विमाने पाकिस्तानी हवाई दलाची नव्हती. तो उद्योग सिडनी कॉटन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाचा होता.

हा माणूस साधा तस्कर नव्हता. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात गारठणाऱ्या वैमानिकांसाठी त्याने एकसंध पोशाख तयार केला. तो त्याच्याच नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि पुढे वर्षानुवर्षे वापरात राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने खासगी प्रवासाच्या मिषाने जर्मनीवरून उड्डाणे केली आणि लपवलेल्या कॅमेऱ्यांनी लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतली. ब्रिटिशांच्या हवाई छायाचित्रणाची घडी बसवणाऱ्यांत त्याचे नाव आघाडीवर आहे. आकाशातून जमीन कशी वाचायची हे ज्याला उत्तम कळत होते, त्याने १९४८ साली जमिनीवरच्यांची नजर चुकवायचे काम घेतले.

त्यासाठी त्याने लँकॅस्ट्रियन जातीची विमाने वापरली. लँकॅस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचेच हे नागरी रूप. कराची ते बिदर सरळ रेषेत सुमारे १३०० किलोमीटर, म्हणजे या विमानाला चार तासांचा पल्ला. अंधारात निघायचे, भारताच्या डोक्यावरून जायचे, बिदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर माल उतरवायचा आणि परतायचे. भारताने संस्थानची नाकेबंदी केली होती, पण ती रस्त्यांवर आणि रेल्वेवर. वरून जाणारी वाट उघडीच राहिली होती.

कॉटनने स्वतः हे काम नाकारले नाही, उलट आठवणींत ते मिरवले. ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि दंड बसला २०० पौंड. उमरग्यापासून शंभर किलोमीटरच्या आत बंदुका उतरवल्याची ही किंमत.

‘भारताने मुद्दाम विमाने येऊ दिली’

हा संशय मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे. पकडता येत होती, तर पाडली का नाहीत?

कारण पकडता येत नव्हती. तेव्हाच्या भारतीय हवाई दलाचे मुख्य लढाऊ विमान टेम्पेस्ट. एका वैमानिकाचे, ताशी सातशे किलोमीटरपर्यंत जाणारे, २० मिलिमीटरच्या चार तोफा असलेले. दिवसा त्याच्यापुढे लँकॅस्ट्रियनचा निभाव लागला नसता. पण टेम्पेस्टच्या नाकात रडार नव्हते. रात्री वैमानिकाला जे डोळ्यांना दिसेल तेवढेच, आणि दिवे मालवून जाणारे विमान काळोखात दिसत नाही. रात्री विमान पाडायचे तर जमिनीवर रडारची साखळी लागते, विमान कुठे आहे हे वैमानिकाला क्षणाक्षणाला सांगणारा नियंत्रक लागतो आणि शेवटच्या टप्प्यासाठी विमानात स्वतःचे छोटे रडार लागते. कराचीपासून दख्खनपर्यंत असे छत उभारण्याची ऐपत नुकत्याच फाळणी झालेल्या हवाई दलाकडे नव्हती. त्यात कॉटनची विमाने नागरी नोंदणीची. दिवसा एखादे गाठले असते, तरी ते पाडण्याचा निर्णय वैमानिकाचा राहिला नसता, दिल्लीचा झाला असता.

हाच प्रसंग पुढे आफ्रिकेत पुन्हा घडला, आणि तो पाहिला की हैदराबादचे कोडे सुटते. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्रा नायजेरियातून फुटून निघाला, तेव्हा उली नावाच्या ठिकाणी हमरस्ता रुंद करून धावपट्टी केली होती. रात्री तिथे औषधे आणि अन्न उतरे, शस्त्रेही उतरत. नायजेरियाकडे जेट विमाने होती, तरी रात्रीची ती रांग त्यांना पूर्ण तोडता आली नाही. त्याआधी १९६१ साली काँगोत उलटा अनुभव आला होता. फुटीर कटांगाकडचे फूगा मॅजिस्टर जातीचे एकच प्रशिक्षण विमान संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला हैराण करत होते, कारण सैन्याकडे उत्तर द्यायला विमानच नव्हते. मग तिथे इथिओपियाची सेबर, स्वीडनची टुनान आणि भारताच्या पाच क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा विमाने एका झेंड्याखाली उतरली. तीन देश, तीन बनावटीची विमाने, काम एकच.

आज आफ्रिकी देशांचे हवाई दल प्रमुख एकत्र बसतात तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न असतो. सीमा लांबलचक, रडार मोजकी, मालवाहू विमाने अपुरी. शेजाऱ्याच्या रडारला दिसलेले आपल्याला वेळेत कळावे, एकमेकांची विमाने दुरुस्त करता यावीत, ही त्यांची गरज. एकट्या देशाला आकाशाची राखण परवडत नाही, हे भारताला १९४८ च्या उन्हाळ्यात कळत होते. शेजारी मात्र मदतीला नव्हता, तो समोरच्या बाजूला होता.

जे हवेत अडवता आले नाही, ते मग जमिनीवर बंद केले गेले. मोहिमेच्या सुरुवातीलाच भारतीय विमानांनी संस्थानातल्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. बिदरची ती धावपट्टी आज भारतीय हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे आणि ‘सूर्यकिरण’ कसरतपथकाचा मुक्कामही तिथेच असतो.

‘विमानांनी गावे बेचिराख केली, फौज नुसती चालत आली’

इथे तपशिलात जावे लागते, कारण उमरग्याचा खरा संबंध इथे आहे.

१३ तारखेला पहाटे नळदुर्गजवळ बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला. तो उडवण्यासाठी नेमलेला मूर नावाचा ब्रिटिश भाडोत्री अधिकारी सुरुंगाच्या सामानासह पकडला गेला. सकाळी नऊला चिलखती गाड्या जळकोटला होत्या. तिथून लेफ्टनंट कर्नल रामसिंगांची वाहनांवर स्वार असलेली तुकडी पुढे निघाली आणि दुपारी उमरग्यात आली. ही दौड जमिनीवरची होती, पुलाच्या आणि वेगाच्या जोरावर झालेली.

दुसऱ्या दिवशी गाठायचे होते राजेश्वर, उमरग्याच्या पूर्वेला ४८ किलोमीटर. आता महिना लक्षात घ्या. भाद्रपदातली काळी जमीन चिबडलेली असते. त्या रानात बैलगाडी रुतते, तिथे चिलखती गाडीची काय कथा? म्हणजे फौजेला डांबरी आणि खडीचा रस्ता सोडून बगल देता येत नव्हती. तुळजापूर घेऊन लोहाऱ्याकडे निघालेली दुसरी तुकडी तर नदीला पूर आल्याने अडकून पडली. अशा वेळी रस्त्याकडेच्या टेकाडावर दबा धरून बसलेल्या मूठभर लोकांना मोठी फौज अडवता येते.

ते लोक दिसले विमानांतून. हवाई टेहळणीत उमरगा-राजेश्वर वाटेवर खणून पक्क्या केलेल्या जागा आढळल्या. मग टेम्पेस्ट बोलावली गेली. ती पुण्याहून येत. पुण्याहून उमरगा सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, म्हणजे पाऊण तासाच्या आतले काम. त्यांच्या माऱ्याने वाट मोकळी झाली आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. तरीही त्याच दिवशी पूर्वेकडून सूर्यापेटच्या वाटेने येणाऱ्या फौजेवर टेकडीवरून जबर मारा झाला आणि ती जागा गोरख्यांना चढून घ्यावी लागली. विमानांनी सगळे साफ केले असते, तर ही चढाई लागलीच नसती.

हवाई बाजूची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जींकडे होती. तेच पुढे १९५४ साली हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पोलीस ॲक्शनच्या आपल्या कथांत त्यांचे नाव जवळजवळ येत नाही, ही उणीव मला नेहमी खटकते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर त्या दिवशी सर्वांत उपयोगी पडली ती पायलटची नजर. बॉम्बचा क्रम त्यानंतरचा.

‘पाच दिवसांत सगळे संपले’

लढाई संपली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ तारखेला त्याचा सेनापती एल एद्रूस जनरल चौधरींना शरण आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण १७ तारखेला पाळतो तो यामुळे.

हिंसा मात्र संपली नव्हती. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार या भागाच्या आठवणीत पक्के आहेत, आणि ते खरे आहेत. त्यानंतर जे घडले त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने वर्षअखेरीस संस्थानभर फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यांत मुसलमानांची संख्या फार मोठी होती. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून मृतांचा आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असे ते म्हणतात. उमरगा यांतल्या पहिल्या जिल्ह्यात येतो.

या अंदाजावर वाद आहेत आणि ते घालायलाही हवेत. पण अनेक दशके अहवालच बाहेर नव्हता, त्यामुळे वाद ऐकीव गोष्टींवर चालत राहिला. आता ती सबब उरलेली नाही. ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या २०१३ च्या इंग्रजी पुस्तकात अहवालाचा मजकूर छापलेला आहे.